सुईने भरलेले सौंदर्य

आमच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या वडील कन्येचा विवाह पास्काच्या सणानंतर व्हावा अशी बोलणी चालू आहेत. मुलगी शहरात नोकरीस असते. मुलाकडच्या मंडळींपैकी कोणी तरी तिचे छायाचित्र पाहून ‘ओठ फारच पातळ’ असा शेरा मारला, आणि असे शेरे जसे पोहोचावयाचे तसे पोहोचतातच, त्याप्रमाणे तो मुलीच्या कानांवर गेला. आता तिच्या मैत्रिणीने तिला सुचविले आहे, की शहरात एके ठिकाणी सुई टोचून ओठ भरून देतात. फारसे दुखत नाही. सहा महिन्यांत सारे आपोआप विरून जाते. पत्राच्या शेवटी मातेने दोन प्रश्न विचारले आहेत. ह्याने मुलीच्या शरीरास पुढे काही अपाय होईल काय? आणि हे करणे पाप आहे काय?

प्रश्नांचा हा क्रम आम्हांस आवडला. पुष्कळदा लोक पाप-पुण्याचा प्रश्न आधी करतात आणि वस्तू मुळात काय आहे ह्याची चौकशी मागाहून. येथे दुसऱ्याचे उत्तर बरेचसे पहिल्यावर अवलंबून आहे, म्हणून आम्ही मातेच्याच क्रमाने जाऊ.

त्वचेखाली किंवा ओठांत सुईने जे द्रव्य भरतात त्यास ‘फिलर’ असे म्हणतात. ‘बोटॉक्स’ म्हणून ज्याचा गाजावाजा होतो ते वेगळे; त्याने स्नायू काही काळ सैल पडतात व सुरकुती मिटते. फिलर हे नावाप्रमाणे भरण आहे: खळगा बुजवावयाचा, गाल उंच करावयाचा, ओठ फुगवावयाचे. हा उद्योग आजकालचा आहे असा पुष्कळांचा समज दिसतो. तो खरा नव्हे. सव्वाशे वर्षे माणूस आपल्या त्वचेखाली काही ना काही भरीत आला आहे. आणि प्रत्येक पिढीला, मागील पिढीचे द्रव्य वाईट होते, आपले मात्र निर्धोक आहे, असे सांगण्यात आले आहे. हा इतिहास मुलींना कोणी सांगत नाही, म्हणून तो थोडा विस्ताराने देतो.

१८९३ साली गुस्ताव नॉयबर नावाच्या जर्मन शल्यवैद्याने रुग्णाच्या दंडातील चरबी काढून तिने चेहऱ्यावरील व्रणाचा खळगा भरला. हेतू चांगला होता आणि द्रव्यही ज्याचे त्याचेच होते. पुढे १८९९ मध्ये व्हिएन्ना शहरात रोबेर्ट गेर्सुनी ह्या शल्यवैद्याने क्षयामुळे एक अवयव गमावलेल्या तरुणाच्या शरीरात व्हॅसलीन टोचले व तो भाग आकारास आणला. त्यातही दयेचाच भाग होता. परंतु युक्ती सापडली की ती दयेच्या हाती फार दिवस राहत नाही. थोड्याच वर्षांत व्हॅसलीन आणि पॅराफिन, म्हणजे आपल्या मेणबत्तीतले मेण, युरोप-अमेरिकेतील श्रीमंत स्त्रियांच्या नाकांत व गालांत जाऊ लागले.

त्यांपैकी एकीची कथा सर्वश्रुत आहे. ग्लॅडिस डीकन ही १८८१ साली पॅरिसमध्ये अमेरिकन आईबापांच्या पोटी जन्मली. तिच्या रूपाची कीर्ती एवढी, की मार्सेल प्रूस्तसारख्या फ्रेंच कादंबरीकारानेही तिची वाखाणणी केली. परंतु प्राचीन ग्रीक मूर्तींचे नाक कपाळापासून एका सरळ रेषेत उतरते, आपले तसे नाही, ही सल तिच्या मनात होती. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १९०३ च्या सुमारास, तिने नाकाच्या मुळाशी पॅराफिन टोचून घेतले. मेण काही जागेवर राहिले नाही. ते हळूहळू खाली सरकले आणि हनुवटीपर्यंत जाऊन त्याच्या गाठी झाल्या. पुढे १९२१ मध्ये तिचा मार्लबरोच्या ड्यूकशी विवाह झाला व ती ब्लेनिमच्या विख्यात राजवाड्याची स्वामिनी झाली. (ह्याच ड्यूकने १९२७ साली कॅथलिक धर्म स्वीकारला, पण तो आजचा विषय नव्हे.) राजवाड्याच्या दर्शनी द्वारमंडपाच्या छतावर तिच्या निळ्या डोळ्यांची चित्रे आहेत, पाहुणे आजही माना वर करून ती पाहतात. हे डोळे तिचे स्वतःचे होते, त्यांत कोणी काही भरले नव्हते. ती १९७७ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी वारली. बाविसाव्या वर्षी घेतलेल्या त्या एका निर्णयाशी तिला पाऊणशे वर्षे राहावे लागले.

पॅराफिनच्या गाठींना वैद्यकात स्वतंत्र नावच पडले, ‘पॅराफिनोमा’, ह्यावरून त्या किती झाल्या असतील ते समजावे. मग दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात द्रवरूप सिलिकॉन आले आणि तेथून अमेरिकेत गेले. हे निर्जीव द्रव्य, शरीर त्याची दखलच घेत नाही, असे तेव्हा सांगत. शरीराने दखल घेतली, पण सावकाश: कोणाला दहा वर्षांनी, कोणाला वीस वर्षांनी कठीण गाठी आल्या, त्वचा लाल होऊन फुटली, द्रव्य दूर सरकले. लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाने १९७५ मध्ये ह्या सुया कायद्याने बंद केल्या. सौंदर्यासाठी द्रवरूप सिलिकॉन टोचण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कधीच मान्यता दिलेली नाही. तरीही ते चोरून टोचले जाते, आणि त्यापायी माणसे दगावतात. चीनमध्ये पॉलिॲक्रिलमाइड नावाचा एक लगदा हजारो स्त्रियांना टोचला गेल्यावर २००६ साली सरकारने त्याची परवानगी रद्द केली. त्याच २००६ साली अमेरिकेत ज्यास मान्यता मिळाली ते एक द्रव्य प्लॅस्टिकच्या सूक्ष्म मण्यांचे आहे. ते मणी विरत नाहीत, विरावेत अशी योजनाच नाही. गाठ आली तर कापून काढणे हाच बहुधा उपाय उरतो, आणि चेहऱ्यातून मणी वेचणे म्हणजे भातातून वाळू वेचणे नव्हे.

आता पत्रातील मुलीला जे सुचविले आहे त्याकडे येऊ. ‘सहा महिन्यांत विरते’ असे ज्याविषयी सांगतात ते द्रव्य बहुधा हायल्युरॉनिक ॲसिड असते. आज सर्वाधिक चालते ते हेच, आणि आतापर्यंतच्या द्रव्यांपेक्षा ते पुष्कळ बरे आहे हे आम्ही प्रांजळपणे सांगतो. नावात ॲसिड असले तरी ते जाळीत नाही. १९३४ साली कार्ल मायर व जॉन पामर ह्या दोघा शास्त्रज्ञांनी न्यूयॉर्क येथे गाईच्या डोळ्यातील पारदर्शक गरापासून ते वेगळे केले. आपल्या त्वचेत, सांध्यांत व डोळ्यांत ते निसर्गतःच असते. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे पंधरा ग्रॅम. त्यातील जवळजवळ तिसरा हिस्सा रोज मोडतो व रोज नवा तयार होतो. विधात्याची ही व्यवस्था मोठी मनोरम आहे.

आणि येथेच जाहिरातीची मेख आहे. ‘हे तुमच्याच शरीरात असते’ हे वाक्य खरे आहे, परंतु अर्धे. शरीरातले ते द्रव्य दिवसा-दोन दिवसांत मोडते. तसेच सुईतून दिले तर ओठ आठवडाभरही भरलेले राहणार नाहीत. म्हणून कारखान्यात त्याच्या धाग्यांना एका रसायनाने एकमेकांशी जखडतात. शरीराला मोडता येऊ नये, ह्यासाठीच ते जखडलेले असते. मग ते किती काळ टिकते? वेष्टनावर सहा महिने, नऊ महिने, वर्ष असे म्हणतात. हा आकडा बाहेरून दिसणाऱ्या परिणामाचा आहे. अलीकडील वर्षांत एमआरआय यंत्राने चेहरे तपासले असता, ज्यांनी दोन वर्षांत एकही सुई घेतली नव्हती त्यांच्या गालांतही हे द्रव्य सापडले. काहींत दहा वर्षांहून जुने. फुगवटा ओसरला, आरशात दिसेनासा झाला, म्हणून मंडळी पुन्हा भरून घेतात. मात्र जुने तेथेच असते, कधी थोडे बाजूस पसरलेले, पाणी धरून राहिलेले. वरचा ओठ नाकाखाली सुजल्यासारखा पुढे आलेला दिसतो, डोळ्याखाली निळसर फुगवटा राहतो. एका सुईत साधारण एक मिलिलिटर मावते. पाच सुयांचा चहाचा एक चमचा होतो. एक चमचा फार नव्हे. पण ओठ तरी केवढासा असतो?

दुसरी गोष्ट सुप्त गाठींची. सुई घेतल्यावर महिने, क्वचित वर्षेही सारे ठीक असते. मग एके दिवशी फ्लूचा ताप येतो, किंवा दाढ काढावी लागते, आणि शरीराची संरक्षक सेना जागी होताच जेथे परके द्रव्य पडले आहे तेथे सूज चढते. ह्याचा एक पडताळा आपण सर्वांनी भोगलेल्या काळात मिळाला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत मॉडर्ना कंपनीच्या कोरोना लशीची चाचणी तपासली गेली. तीत सुमारे तीस हजार लोक होते. लस घेतल्यावर तिघांच्या चेहऱ्याला किंवा ओठांना सूज आली, आणि त्या तिघांनीही पूर्वी फिलर घेतलेले होते. सूज उतरली, कोणाला कायमचा अपाय झाला नाही. लशीला दोष देण्याचेही कारण नाही. एवढेच दिसले, की मालक विसरला तरी शरीर विसरलेले नसते.

तिसरी गोष्ट दुर्मीळ आहे, परंतु सांगितल्यावाचून राहता येत नाही. नाक व भुवयांच्या मधल्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचे डोळ्यांशी नाते आहे. सुई चुकून अशा वाहिनीत गेली आणि द्रव्य उलट वाहून दृष्टिपटलाच्या वाहिनीत अडकले, तर तासा-दीड तासात रक्त पुन्हा पोहोचले नाही तर ती दृष्टी परत येत नाही. ओठांतही वाहिनी बुजली तर तेवढा भाग काळा पडून झडू शकतो. हायल्युरॉनिक ॲसिड विरघळविणारे एक औषध आहे, हायल्युरॉनिडेज. सुई देणाऱ्याजवळ ते हाताशी असावे लागते आणि ते केव्हा द्यावे हे त्यास कळावे लागते. ब्यूटी पार्लरच्या मागल्या खोलीत ह्या दोन्ही गोष्टी नसतात. सुईवाचून, नुसत्या दाबाने द्रव्य आत मारणारी लेखणीसारखी यंत्रेही हल्ली लोक घरी मागवितात. ती वापरू नयेत असा इशारा अमेरिकेच्या प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिला आहे. तेथे फिलरला जी मान्यता आहे ती प्रौढांसाठी, बावीस वर्षांवरील. इंग्लंडने १ ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालील मुलामुलींना फिलर देणे गुन्हा ठरविले. त्याच देशात २०१३ साली सर ब्रूस कीओ ह्यांच्या समितीने सरकारला कळविले होते, की फिलर घेणाऱ्याला कायद्याचे जे संरक्षण आहे ते दुकानात दात घासण्याचा ब्रश घेणाऱ्याहून अधिक नाही. प्रगत देशाची ही गोष्ट.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: जाणत्या त्वचारोगतज्ज्ञाच्या हातून, ठाऊक असलेले द्रव्य घेतले, तर बहुतेकींना मोठा अपाय होत नाही, परंतु ‘सहा महिन्यांची गोष्ट’ म्हणून जी विकली जाते ती सहा महिन्यांची नसते. विवाहाच्या एका दिवसासाठी ती घ्यावयाची, आणि पुढील कित्येक वर्षे, बाळंतपणे, दाढदुखी, तापसराई ह्या सर्वांतून ती बरोबर वागवावयाची, हे मुलीने जाणून ठरवावे. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांवर ह्या द्रव्यांची परीक्षा झालेली नाही, हेही विवाहाच्या तोंडावर असलेल्या मुलीला सांगावयास हवे.

आता दुसरा प्रश्न. ख्रिस्तसभेने ह्याचा विचार फार पूर्वी केला आहे. पोप बारावे पायस ह्यांनी ४ ऑक्टोबर १९५८ रोजी इटलीच्या प्लॅस्टिक सर्जरी करणाऱ्या शल्यवैद्यांपुढे ह्याच विषयावर भाषण केले. त्यानंतर पाचव्या दिवशी त्यांचे देहावसान झाले. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या त्या वृद्ध पोपमहाशयांना नाकाडोळ्यांच्या शस्त्रक्रियेवर बोलणे हलके वाटले नाही, ही गोष्ट आम्हांस नेहमी हृद्य वाटते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: शरीराचे सौंदर्य हे खरोखरच चांगले आहे, देवाची देणगी आहे, मात्र ते सर्वश्रेष्ठ नव्हे. ते दुरुस्त करणे स्वतः पापही नाही आणि पुण्यही नाही. हेतू कोणता, धोका किती, आणि कारण त्या धोक्याच्या तोलाचे आहे काय, हे पाहावयाचे. दुसऱ्याला पापाच्या मोहात पाडण्यासाठी, किंवा नुसत्या डौलासाठी आणि फॅशनच्या लहरीखातर, किंवा अवयवाच्या कार्याला इजा करून जे केले जाईल ते अयोग्य.

ह्या कसोटीवर काही उपयोग सहज उतरतात. एचआयव्हीच्या जुन्या औषधांनी काही रुग्णांच्या गालांतील चरबी पार झडून जात असे. चेहऱ्याकडे पाहूनच शेजाऱ्यांना रोग कळे आणि मग दारे मिटत. २००४ साली अमेरिकेत अशा रुग्णांसाठी एका फिलरला मान्यता मिळाली. त्या माणसाने गाल भरून घेतले तर त्यास डौल म्हणण्यास कोण धजेल? अपघाताचा व्रण, जन्मतःचे व्यंग, ह्यांचेही तसेच. परंतु पातळ ओठ हे व्यंग नव्हे. ते तिच्या आजीचे असतील. पत्रातील मुलगी पाप करण्यास निघाली आहे असे आम्हांस वाटत नाही. ती दुखावली गेली आहे. पापाचा शोधच घ्यावयाचा असेल तर तो आम्ही शेरा मारणाऱ्याच्या घरी आधी घेऊ. विवाह हा संस्कार आहे. पोळा जवळ आला असता बाजारात बैलाचे दात पाहतात तसे मुलीचे ओठ पाहणे त्यात कोठे बसते? त्या मंडळींशी बोलावयाचे झाल्यास तेथील धर्मगुरूंमार्फत आम्ही आनंदाने बोलू. मातेने संकोच करू नये.

शिवाय त्यांनी पाहिले ते तरी काय? मोबाईल तोंडाजवळ धरून काढलेले छायाचित्र. जवळून काढलेल्या चित्रात जे भिंगाला जवळ असते, म्हणजे नाक, ते मोठे उमटते, आणि बाकीचे त्याच्या मानाने लहान भासते. चार पावले दूर उभे राहून दुसऱ्या कोणी छायाचित्र काढावे. ह्याला सुई लागत नाही व खर्चही नाही.

आपल्याकडे, गोव्यात व सीमाभागातील कित्येक गावांत, विवाहाच्या आदल्या दिवशी नवरीला रोस लावतात. आई, मावशी, काकी, शेजारणी एकामागून एक येतात आणि नारळाचे दूध तिच्या चेहऱ्याला, केसांना चोळतात. त्या रात्री नवरी कशी दिसते म्हणाल तर माखलेली दिसते! पण त्या हातांपैकी एकही हात तिच्या ओठांचे माप घेत नसतो. आम्ही मातेस सुचवितो, की मुलगी घरी आली असता हा लेख तिच्या हाती द्यावा, दडपण आणू नये, आणि निर्णय तिच्यावर सोपवावा. पंचवीस वर्षांच्या मुलीला आज्ञा करून फारसे साधत नाही, हे प्रत्येक आईला आमच्याहून अधिक ठाऊक असते.

राहिला प्रश्न ज्यांनी हे आधीच करून घेतले आहे त्यांचा. आमच्या वाचकांच्या घरांतही, विशेषतः आखातात व मोठ्या शहरांत नोकरीस असणाऱ्या मुलींत, अशा काही जणी असतील. त्यांनी घाबरण्याचे कारण नाही व लपविण्याचेही नाही. कोणते द्रव्य टोचले त्याचे नाव व वेष्टनावरील तुकडीचा क्रमांक ज्याने सुई दिली त्याच्याकडून लिहून घ्यावा. तो देत नसेल तर पुन्हा त्याच्या दारी जाऊ नये. दंतवैद्याला आणि चेहऱ्याची तपासणी करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला आधी सांगावे, नाही तर एमआरआयमध्ये दिसणारे द्रव्य भलताच रोग समजले जाते. गाठ हाताला लागली तर ती चोळू नये, दाबू नये, आणि ‘वरून आणखी थोडे भरून सारखे करून देतो’ असे कोणी म्हणाले तर ऐकू नये. सरकारी किंवा मोठ्या इस्पितळातील त्वचाविभागात जावे. द्रव्य हायल्युरॉनिक ॲसिड असेल तर ते विरघळविता येते. आणि सुई घेतल्यावर लगेच त्वचा पांढरी पडली, ओठ काळानिळा होऊन असह्य ठणकू लागला, किंवा एका डोळ्याने दिसेनासे झाले, तर सकाळची वाट पाहू नये. मिळेल त्या वाहनाने त्याच क्षणी निघावे, आणि सोबत ती रिकामी सुई व तिचे वेष्टन घ्यावे.